उघड्या डोक्यांची रांग

आम्हा बेळगावकरांना आमच्या हवेचा फार अभिमान. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले, की इथं एप्रिलातही पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागतं, हे सांगताना माझ्या वडिलांचा चेहरा खुलायचा. जणू ती हवा त्यांनीच कुठून तरी आणून ठेवली होती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत मास्तर होते. सडसडीत, ताठ, रोज पहाटे अंगणात सूर्यनमस्कार घालणारे. शाळेतल्या पोरांच्या काटकुळ्या दंडांकडे बघून त्यांना मनापासून वाईट वाटायचं. "ही पोरं घरात बसून पांढरी पडलीत. अंगावर ऊन घेतल्याशिवाय शरीर कमावता येत नाही," असं ते आईला सांगत. आई मान हलवी आणि चुलीकडे वळे. या वाक्यानं पुढं आमच्या घराचं काय होणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. कायदेभंगाची धामधूम नुकतीच ओसरली होती. त्या सुमाराला बेळगुंदीचा एक मुलगा आमच्याकडे राहायला आला. त्याचे आईवडील शेतकरी. भात आणि रताळी पिकवायचे. आठवडी बाजाराला त्याची आई रताळ्यांची बुट्टी डोक्यावर घेऊन चालत शहरात यायची आणि उरलेली रताळी आमच्या दारात ओतून जायची. गावातल्या शाळेत मुलगा हुशार निघाला, म्हणून अण्णांनीच त्याला स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी घरी ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. त्याला सोडायला आली त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मास्तर, ह्याच्या डोस्क्यात काय तरी घाला," ती म्हणाली. "आमच्या डोस्क्यावर नुसती बुट्टीच हाय जल्मभर."

अण्णा हसले. "घालू की. तुम्ही काळजी करू नका."

मुलगा माझ्याहून वर्षानं लहान. मला तो आक्का म्हणायचा. बोलणं कमी, पण त्याच्या बोटांत ताल होता. पाढे म्हणता म्हणता पाटीच्या लाकडावर असा ठेका धरायचा, की आतून आईसुद्धा भाकरी त्याच तालावर थापायला लागायची आणि लक्षात आलं की स्वतःशीच हसायची. शाळेत लेझीम सुरू झाली तेव्हा अण्णांनी त्याला पहिल्या रांगेत उभं केलं. बाकीची मुलं पाय मोजत, हा मात्र मोजत नसे. त्याच्याकडे बघूनच सगळी रांग चालायची.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावातल्या काही वजनदार मंडळींनी मुलांसाठी व्यायामवर्ग भरवायचं ठरवलं. त्यांची एक कमिटी होती. जागा निपाणीला मिळाली. तिथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं वखारीची रिकामी बाजू राहायला दिली आणि शिधाही द्यायचं कबूल केलं. वर्ग चालवायचं काम अण्णांकडे आलं. ते इतके हरखले, की दोन दिवस त्यांना जेवण सुचत नव्हतं. धाकट्या भावंडांना बेळगावातच मावशीकडे ठेवून स्वयंपाकावर देखरेख करायला आई निघाली आणि आईबरोबर मी.

सर्व्हिस मोटारीतून उतरलो, तेव्हा पहिली जाणवली ती तंबाखूच्या उग्र वासाची खाट. डोळ्यांना झोंबणारी, घशात बसणारी. आणि मग ऊन. आमच्या गावचं ऊन वेगळं. तिथं तांबडी माती, आंब्या-फणसांची झाडी, संध्याकाळी पश्चिमेकडून येणारा गार वारा. बेळगुंदीकडे तर आणखीच हिरवं. इथं वखारीमागं नुसता काळा माळ पसरलेला. जमीन भेगाळलेली, आणि कडेला एक कडुनिंब सोडला तर झाडाचं नाव नाही. मुलं बहुतेक सगळी अनवाणी. दुपारच्या कवायतीला ती एका पायावर उभी राहून दुसरा पाय पोटरीला घासत, मग पाय बदलत. अण्णा म्हणत, "अंग हलवू नका! चार दिवसांत तळवे घट्ट होतील."

अण्णा निष्ठुर होते असं कुणी समजू नये. संध्याकाळी ते प्रत्येक मुलाचे पाय मांडीवर घेऊन बघत, फोडांना खोबरेल लावत. पण त्यांचे काही नियम होते, आणि ते कुठल्या तरी पुस्तकातून, कुठल्या तरी आखाड्यातून आलेले. खेळ चालू असताना पाणी प्यायचं नाही, पोट जड होतं, हा त्यातला एक. मुलांचे ओठ सुकून पांढरे पडत. कडुनिंबाखाली आईनं पाण्याचे डेरे भरून ठेवलेले असत. मुलं रांगेतून त्या डेऱ्यांकडे बघत राहत आणि अण्णा त्यांच्या बघण्याकडे पाठ करत.

आमच्याबरोबर वर्गाला आलेल्या बेळगुंदीच्या मुलाला त्याच्या आईनं निघताना एक टोपी शिवून दिली होती. आजोबांच्या जुन्या धोतराच्या कापडाची, हातशिलाईची, पांढरी. थोडी मोठीच झाली होती, कानावर यायची. पण दुपारी तो ती डोक्यावरून काढत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं ती डेऱ्यातल्या पाण्यात बुडवून घालायला सुरुवात केली. मग बाकीची मुलंही तसं करायला लागली. ज्यांच्याकडे टोपी नव्हती त्यांनी पंचे गुंडाळले. अण्णांनी बघितलं आणि करू दिलं.

समारोपाच्या आदल्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष आले. समारोपाला शिक्षणखात्याचे एक बडे साहेब यायचे होते. अध्यक्षांनी मुलांची रांग बघितली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मास्तर, ह्या पांढऱ्या टोप्या कशाला?" ते म्हणाले.

"उन्हासाठी घातल्यात मुलांनी."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. साहेबांना काय दिसणार? पांढऱ्या टोप्यांची पलटण. उद्या वरती रिपोर्ट गेला तर वर्ग राहिला बाजूला, तुमची नोकरी बघा."

अण्णांच्याच शाळेतले एक मास्तर दोन वर्षांपूर्वी कायदेभंगाच्या मिरवणुकीत दिसले म्हणून घरी बसले होते. त्यांची बायको लोकांची धुणी धुताना आम्ही रोज पाहत होतो. काळ्या टोप्या सगळ्यांकडे नव्हत्या. पंचे बांधलेली पोरं साहेबापुढं शोभणार नाहीत, असंही अध्यक्ष म्हणाले. शेवटी ठरलं, की सगळ्यांनी उघड्या डोक्यानं उभं राहायचं.

आईला हे कळलं तेव्हा ती ताक घुसळत होती. "एवढ्या उन्हात? डोक्यावर काहीतरी असू दे की हो."

"एका दुपारचा तर प्रश्न आहे," अण्णा म्हणाले.

"मग कार्यक्रम तरी उन्हं कलल्यावर ठेवा."

"साहेबांना बेळगावला परत जायचंय. वेळ त्यांनी ठरवलीय."

आई पुन्हा ताक घुसळायला लागली. अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात एक भीती होती, आणि ती भीती तिच्याही ओळखीची होती. घरात आम्ही तीन मुलं आणि पगार एकट्याचा.

दुसऱ्या दिवशी जेवणं होताहोताच मुलांना माळावर उभं केलं. मी कडुनिंबाखाली पाहुण्यांचे हार ओवत बसले होते. पाहुण्यांसाठी छोटा मांडव घातला होता, त्यात खुर्च्या. मुलांच्या डोक्यांवर फक्त आभाळ. अण्णा रांगांतून फिरून टोप्या गोळा करत आले. आमच्या मुलापुढं थांबले. त्यानं टोपी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या की. आईनं काढू नको म्हटलंय."

"कार्यक्रम झाला की देतो. आण."

त्यानं दिली. अण्णांनी ती बाकीच्यांबरोबर कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली, माझ्या शेजारी.

साहेब येईनात. वेळ टळून गेली. मांडवात बसलेली मंडळी पंख्यांनी वारा घेत होती, एकमेकांना पान देत होती. त्यांतच निपाणीचे एक डॉक्टर होते, ते पेंगायला लागले होते. मुलं उभीच. मधे एकदा आई ताकाचा तांब्या घेऊन अण्णांकडे गेली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मोटार कुठल्याही क्षणी येईल आणि रांग मोडलेली दिसेल, म्हणून त्यांचे डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. स्वतः अण्णाही उघड्या डोक्यानं उन्हातच उभे होते, हे सांगायला हवं.

मी आमच्या मुलाकडे बघत होते. आधी तो घामानं निथळत होता. मग त्याचा चेहरा लाल झाला, नुसता लाल नाही, विटेसारखा. नंतर तो डोलायला लागला. मला वाटलं, मनातल्या मनात ठेका धरतोय. तो हसला. समोर कुणीही नसताना हसला. मी आईला म्हटलं, "आई, तो बघ कसा करतोय." आईनं मान वर केली, तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला आणि मोटार आली.

एकच गडबड उडाली. साहेब उतरले, हार घातले, अण्णांनी शिट्टी वाजवली आणि लेझीम सुरू झाली. पहिल्या चालीतच रांग फाटली. ज्याच्या पायाकडे बघून सगळे चालायचे तोच चुकत होता. सगळ्यांची लेझीम खाली तर त्याची वर. मुलं गोंधळली. अण्णा ओरडले, "पाय बघ! पाय!" त्यानं पाय बघितले. मग लेझीम टाकून दिली आणि रांगेतून बाहेर चालू लागला.

"म्हस आली," तो म्हणायला लागला. "आई, म्हस आली, दार उघड. दार उघड गं."

मांडवात कुणीतरी हसलं. आणि तो दोन पावलांवर तोंडघशी पडला.

अण्णा धावले. आई धावली. त्याला उचलून कडुनिंबाखाली आणला, तेव्हा त्याचे हातपाय ताठ होऊन झटके देत होते. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि मागं घेतला. तव्याला लावल्यासारखं वाटलं. अंगावर घामाचा थेंब नाही. आईनं घाबरून, थंडी भरून ताप आलाय म्हणून, वखारीतून घोंगडं आणलं आणि त्याच्या अंगावर घातलं. डॉक्टर आता जागे झाले होते. त्यांनी ते घोंगडं ओढून भिरकावलं.

"काय करताय? पाणी आणा! मिळेल तेवढं पाणी. ओता. सगळ्या अंगावर ओता!"

डेरे उपडे झाले. धोतरं, पंचे भिजवून त्याच्यावर टाकले, मुलं आणि मोठी माणसं हाती लागेल त्यानं वारा घालत राहिली. अण्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखं म्हणत होते, "डोळे उघड बाळा. डोळे उघड." डॉक्टर पाणी ओतायला लावत होते, नाडी बघत होते आणि कुणाकडेही न बघता बोलत होते, "इतका वेळ उभं करायचं म्हणजे काय?"

साहेब जरा लांब उभे होते. वाईट माणूस नसावा. उशीर झाल्याबद्दल त्यांनी अध्यक्षांची माफी मागितली. तवंदीच्या घाटात मोटार तापून बंद पडली होती, ते म्हणाले. ड्रायव्हरनं तिला झाडाच्या सावलीत उभी केली, पाणी घातलं, निवेपर्यंत वाट बघितली, म्हणून वेळ लागला. ते हे सांगत असताना अण्णांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा मी आजवर विसरू शकलेले नाही.

मुलगा त्या दिवशी शुद्धीवर आला नाही. डॉक्टरांनी त्याला आपल्या दवाखान्यात हलवलं. बेळगुंदीला माणूस धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे आईवडील आले. वडील दाराशीच खाली बसले. आई मात्र सरळ आत गेली, मुलाच्या कपाळावर हात ठेवला, त्याच्या केसांतून बोटं फिरवली. मग वळली.

"ह्याची टोपी कुटं हाय?"

मी आईच्या पदराआड उभी होते.

"मी टोपी दिलती शिवून. उन्हात काढू नको म्हटलतो ह्याला. माझं पोरगं माझं ऐकतंय. कुणी काढली टोपी?"

"मी," अण्णा म्हणाले.

"का?"

अण्णा काय सांगणार होते? साहेब, रिपोर्ट, नोकरी, पांढरा रंग, यातलं काय त्या बाईपुढं मांडणार होते?

"का काढली मास्तर? तुम्हांस काय करायची हुती ती?" तिचा आवाज वाढत गेला, रस्त्यावरची माणसं दाराशी जमली. "शिकवा म्हणून दिलतो तुमच्याकडं. भाजा म्हणून न्हवं!"

तिच्या नवऱ्यानं बसल्या जागेवरून म्हटलं, "गप गं. मास्तरांस्नी काय पाहिजे हुतं व्हय असं?"

"मी न्हाय गप बसणार."

आणि ती बसली नाही. अण्णा खाली मान घालून उभे राहिले, तिचं संपेपर्यंत. एकदाही त्यांनी अध्यक्षांचं नाव घेतलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, सांगायचं होतं की तुम्ही. अण्णा म्हणाले, "हात माझा होता."

मुलगा वाचला. डोळे उघडले, आईला ओळखलं, पेज प्यायला. सगळ्यांनी निःश्वास टाकला. पण तो उठून उभा राहायला गेला आणि कलंडला. बोलायला गेला तर शब्द एकमेकांत अडकले, जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसे. अशक्तपणा आहे, जाईल, असं सगळे म्हणाले. नंतर त्याला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, की उन्हाचा तडाखा मेंदूपर्यंत पोचलाय, थोडंफार सुधारेल, पूर्ववत होईल असं वाटत नाही. पेन्सिल हातात दिली की त्याचा हात कागदावर पोचेपर्यंत थरथरत इकडेतिकडे जायचा. तो स्वतःच्या हाताकडे नवलानं बघत राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

त्याला गावी नेलं. त्याची पाटी आमच्याकडेच राहिली. आईनं ती पुसून माळ्यावर ठेवली आणि रताळी घेणं कायमचं सोडलं.

अण्णा बदलले, पण एका झटक्यात नाही. आधी त्यांचे सूर्यनमस्कार बंद पडले. पुढच्या उन्हाळ्यात कमिटीनं पुन्हा वर्ग घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी अटी घातल्या. कवायत उन्हं तापायच्या आत संपली पाहिजे. दुपारी मुलं सावलीत राहतील. माळावर मांडव पाहुण्यांआधी मुलांसाठी. डोक्यावर काहीतरी हवंच, मग रंग कुठलाही असो. तहान लागेल तेव्हा पाणी. आणि पाहुण्यांची वाट बघत कुणालाही उभं करायचं नाही.

आमच्या सोप्यात बसूनच अध्यक्ष हसले. "मास्तर, व्यायामवर्ग आहे की मुंजीचा मांडव? अहो, एका पोराला काही झालं म्हणून सगळ्या पिढीला लोणच्यासारखं फडक्यात बांधून ठेवणार?"

"त्या एका पोराला तुम्ही नंतर कधी बघायला गेलात का?" अण्णांनी विचारलं.

अध्यक्ष उठून गेले. वर्ग दुसऱ्या मास्तरांनी घेतला. पूर्वीसारखाच. गावात लोक म्हणाले, मास्तर खचले, बायकी झाले. शाळेत अण्णा मुलांना खेळ शिकवत राहिले, पण पहाटे, आणि चिंचेखाली. मधेच थांबवून एकेकाला पाणी प्यायला लावत. मोठी मुलं त्यांच्या मागं त्यांची नक्कल करत, "प्या रे बाळांनो, प्या." मला ते ऐकून शरम वाटायची आणि संतापही यायचा. कुणाचा, ते नीट कळायचं नाही.

दर पंधरवड्याला ते सायकल काढून बेळगुंदीला जात. पहिलं वर्षभर त्या बाईनं त्यांना अंगणाच्या आत येऊ दिलं नाही. ते बांधावर बसत, मुलाच्या वडिलांशी बोलत, मुलगा दिसला तर बघत आणि परत येत. मग कधीतरी तिनं एक पाट बाहेर टाकला. अण्णांनी मुलाला पुन्हा अक्षरं गिरवायला लावायचा प्रयत्न केला, मोठ्या फळीवर कोळशानं. काही जमलं, बरंचसं नाही जमलं. चालणं थोडं सुधारलं. भाताच्या खाचराच्या अरुंद बांधावरून मात्र तो कधीच जाऊ शकला नाही.

महायुद्ध सुरू झालं. त्यानंतरच्या एका कडक उन्हाळ्यात बेळगावातल्या शाळांना हुकूम आला, की अमुक मैदानावर मुलांना घेऊन हजर राहायचं, एक मोठे अधिकारी येणार आहेत, त्यांच्या स्वागताला. मी तेव्हा हायस्कुलात होते आणि आमचीही शाळा तिथं होती. मुलांच्या रांगाच रांगा. आम्ही मुली पदराखाली तोंड लपवून उभ्या. अण्णांचा वर्ग आमच्यापासून जवळच होता. त्यांच्या सगळ्या मुलांच्या डोक्यावर काही ना काही होतं, काळं, पांढरं, आईच्या लुगड्याचा तुकडासुद्धा. अधिकारी येईनात. ऊन वर आलं. एक लहान मुलगी आमच्या पुढच्या रांगेत मटकन खाली बसली आणि तिच्या बाईंनी तिला दंडाला धरून उभी केली.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचे हात मागं बांधलेले होते आणि बोटं एकमेकांत पिळत होती. ते एकदा रस्त्याकडे बघत, एकदा मुलांकडे. मग त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि इतक्या जोरानं फुंकली, की सगळं मैदान दचकलं.

"रांग सोडा! झाडाखाली चला! पळा!"

त्यांचा वर्ग धावला. शेजारच्या शाळेतल्या मुलांना वाटलं, आपल्यालाही हुकूम झाला, तीही धावली. बघता बघता अर्धं मैदान रिकामं झालं आणि कडेच्या वडांखाली पोरांची ही गर्दी उसळली. त्यातच मोटारी आल्या. हेडमास्तर अण्णांच्या अंगावर धावून आले, "मास्तर, वेड लागलंय काय तुम्हाला?" अण्णा त्या लहान मुलीला ओंजळीनं पाणी पाजत होते.

चौकशी झाली. बदली झाली, खानापूरच्या पलीकडे, रानातल्या एका खेड्यात. पगारवाढ थांबली. मी शिक्षणासाठी मावशीकडे राहिले आणि धाकट्या भावाची इंग्रजी शाळा सुटली. सामान बांधताना आई म्हणाली, "बरं केलंत तुम्ही." पण ते म्हणताना ती भावाच्या पुस्तकांकडे बघत होती आणि तिला हुंदका आला. अण्णा म्हणाले, "त्यात मोठं काही नाही. त्या वेळी निपाणीत भ्यालो नसतो तर मोठं काही केलं म्हणता आलं असतं."

जायच्या आदल्या दिवशी ते निरोप घ्यायला बेळगुंदीला गेले. मलाही नेलं. मुलगा आता चांगला उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं. अंगणातल्या फणसाखाली बसून तो रताळ्यांचे वेल निवडत होता. मला ओळखून हसला. "आक्का" हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर यायला बराच वेळ लागला.

अण्णा त्याच्याजवळ जमिनीवर बसले. आम्ही दूर चाललोय, म्हणाले. त्यानं मान हलवली. मग काहीतरी विचारलं. अण्णांना कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. अण्णा पुढं झुकले, कान त्याच्या तोंडाशी नेला. मला कळलं होतं, पण मला ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं.

"मास्तर," तो एकेक शब्द सोडवत म्हणाला, "त्या दिवशी... निपाणीत... मी चांगलं खेळलतो न्हवं? मला काय बी आठवत न्हाय."

अण्णांनी त्याचा थरथरणारा हात दोन्ही हातांत घेतला. "चांगलं खेळलास," ते म्हणाले. "तुझं काहीही चुकलं नाही. चुकलं माझं. मी तुला उन्हात उभं करायला नको होतं. ती टोपी काढायला नको होती."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला एवढंच पोचलं असावं, की तो चांगला खेळला. तो खूश झाला आणि पुन्हा वेल निवडायला लागला.

दारात त्याची आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे केस आता बरेच पिकले होते.

"त्याला आता सांगून काय करायचं, मास्तर?" ती म्हणाली. "चा ठेवलाय गुळाचा. पिऊन जावा."

अण्णा चहा प्यायले. कप खाली ठेवून त्यांनी तिला नमस्कार केला, तोवर ती आत गेली होती. आम्ही थोडा वेळ थांबलो. ती बाहेर आली नाही. मग मुलाच्या वडिलांनी आम्हाला गावाच्या रस्त्यापर्यंत पोचवलं आणि सायकल हातात धरून अण्णा माझ्याबरोबर पायीच घरी आले.